टपालाचं मत

नृसिंह मास्तरांनी अर्जावर सही केली आणि शाई वाळायच्या आतच कागद पुन्हा हातात घेतला. निवडणुकीच्या कामावर त्यांची नेमणूक मलकापूरला झाली होती. मत मात्र कोल्हापुरात. ते टपालाने द्यायचं, तर आधी हा अर्ज करायला हवा होता. शाळेतल्या सगळ्याच मास्तरांची अशी बाहेरगावी पाठवणी झाली होती.

अर्जात भिण्यासारखं काही नव्हतं. भीती होती ती हंबीररावांची. ते शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष, आणि आता उमेदवार. त्यांचा निरोप शिपायाने वर्गावर्गात फिरवला होता: मास्तरांनी अर्ज करावेत, आणि मतपत्रिका आल्या की त्या घेऊन बंगल्यावर चहाला यावं. कसला चहा, हे न कळण्याइतकं खुळं कोणीच नव्हतं. त्यात नृसिंह मास्तर अजून नोकरीत कायम झाले नव्हते.

देशातली पहिलीच निवडणूक, आणि जन्मातलं पहिलं मत. ते हंबीररावांच्या विरुद्ध उभ्या असलेल्या गणपतराव वकिलांना द्यायचं, हे त्यांनी केव्हाच ठरवून ठेवलं होतं. शेजारच्या गल्लीत मुलींची शाळा उभी करायला गणपतराव दारोदार हिंडले होते आणि मास्तरांची थोरली तिथंच शिकत होती.

"अर्जच करू नका," त्यांची बायको कालिंदी म्हणाली. "मतच नाही, तर दाखवायचं काय?"

"मग तर मी त्यांच्या बाजूचा नाही, हे न सांगताच कळेल."

मास्तरांनी अर्ज धाडला, आणि त्या दिवसापासून पोस्टमन दारावरून पुढे गेला की त्यांना हायसं वाटू लागलं. पण नको असलेला सरकारी कागद कधी वाट चुकत नाही. मतपत्रिका आली.

बंगल्याच्या सोप्यात जाजम अंथरलं होतं. दौत, टाक, सगळी तयारी होती. मास्तरमंडळी भिंतीला टेकून बसली होती.

"या मास्तर. तुमच्यापासनं होऊ दे सुरुवात," हंबीरराव म्हणाले. "लाजायचं काय त्यात? घरचंच काम हाय."

मास्तर मांडी घालून बसले. टाक शाईत बुडवला आणि इतकी वर्षं फळ्यावर, पत्रावर, वाण्याच्या यादीवरसुद्धा जे आपसूक उमटत आलं, तेच उमटलं. मतपत्रिकेच्या माथ्यावर, मधोमध, श्री.

मामलेदार कचेरीत निवडणुकीचं काम शिकवताना साहेबांनी बजावून सांगितलं होतं, टपालाच्या मतपत्रिकेवर खुणेशिवाय एक अक्षर जरी असलं तरी मत बाद. मास्तरांनी घाईघाईने हंबीररावांच्या नावापुढे फुली केली आणि बोलणी खायच्या तयारीने कागद पुढे धरला.

हंबीररावांनी तो डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ पाहिला. मग कपाळाला लावला.

"ह्याला म्हणायचं संस्कार. फुली मारायच्या आधी देवाचं नाव." ते बाकीच्यांकडे वळले. "सगळ्यांनी असंच लिवा. यश येतंय बगा."

मास्तरांना पेच पडला. सांगावं, तर अध्यक्षांना दिलेलं मत आपणच बाद केलं हे त्यांच्या तोंडावर कबूल करायचं. न सांगावं, तर सगळ्यांचीच मतं वाया जाणार. त्यांनी आण्णा मास्तरांकडे पाहिलं. आण्णा शाळेत सर्वांत वडील, नियमावर बोट ठेवणारे. कचेरीतल्या त्या शिकवणीला ते पहिल्या रांगेत बसले होते. बाकीचेही सगळे होतेच. आता आण्णा बोलणार, या धास्तीने मास्तरांनी मान खाली घातली.

आण्णांनी चष्मा पुसला. कागद मांडीवर सारखा केला, टाक निथळू दिला आणि सावकाश, मुलांना कित्ता घालून द्यावा तसं, मोठ्ठं श्री काढलं. मग दौत शेजारच्या मास्तरांकडे सरकवली.