फहमिदाच्या खुर्चीवरची हवा

हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात. पण चिकलठाण्याच्या त्या ऑफिसात समोरची खुर्ची भरलेली आहे की रिकामी, हेसुद्धा छतावरच्या सेन्सरला विचारायची रीत पडली होती. माणूस हलला की डोक्यावरची एसीची झडप उघडायची आणि गार हवा यायची. हालचाल थांबली की दहा मिनिटांत बंद. ही यंत्रणा अंगदनं बसवली होती. वीज वाचली, कोण जागेवर आहे याची नोंद राहू लागल्यानं कामही वाढलं, साहेब खूश झाले. मग आणखी शाबासकी मिळावी म्हणून या शहाण्यानं दहाची पाच मिनिटं केली.

फहमिदा तिथं निजामाच्या काळातले उर्दू कागद भिंगातून वाचून तपासायची. कामात बुडाली की पापणी हलेल तेवढीच. सेन्सरच्या लेखी ती नव्हतीच. हवा सारखी बंद होते, असं तिनं अंगदला दोनदा सांगितलं. अधूनमधून हात हलवत जा, म्हणून तो हसला होता.

एप्रिलमधल्या एका रणरणत्या दुपारी ती खुर्चीतच कलंडली आणि संध्याकाळी गेली. ऊन बाधलं, असं डॉक्टर म्हणाले. ऑफिसनं सेन्सरची नोंद काढली: दोन ते चार, खुर्ची रिकामी. बाई काम सोडून बाहेर उन्हात फिरल्या, असं साहेबांनी लिहिलं. खाली अंगदनं सही केली.

चाळिसावा झाल्यावर तिचा नवरा इलियास आला. "भाई, ती जागेवरच होती ना? तेवढं लिहून द्या. पोरीला दाखवायचंय."

बघतो, असं म्हणून अंगदनं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवसापासून त्या रिकाम्या खुर्चीवरची झडप उघडी राहू लागली. अंगदनं सेन्सर बदलला, मग तिसरा लावला. संगणकाच्या पडद्यावर तेच: खुर्ची भरलेली.

रविवारी दुपारी ऑफिसात कुणी नसताना यंत्रणा सुरू करून तो स्वतःच तिथं बसला. भिंग हातात घेतलं आणि मुळीच हलला नाही. इतके दिवस उघडी राहिलेली झडप पाच मिनिटांनी मिटली. छताच्या पत्र्याची झळ खाली उतरली. शर्ट पाठीला चिकटला, मग समोरची अक्षरं पुसट झाली. हात हलवावा असं त्याला वाटलं, पण हात उचलेना. हात हलवत जा, असं आपण कुणाला सांगितलं होतं, ते तेव्हा त्याला आठवलं. त्याला रडू आलं, तेही आतल्या आत.

वर खट्ट झालं. मानेवर गार हवा आली. अंगद तर तसूभरही हलला नव्हता.

भीतीनं त्याला किती तरी वेळ वर बघवेना. हातापायांत बळ आलं तसा त्यानं कोरा कागद ओढला. 'फहमिदाबाई दोन ते चार जागेवरच काम करत होत्या. त्यांची हवा माझ्यामुळं बंद झाली.' त्यानं खाली सही केली, त्याच उन्हात हर्सूलला फहमिदाचं घर गाठलं आणि कागद तिच्या पोरीच्या, झेबाच्या हातात दिला.

सोमवारी झडप मिटलेली होती. पडद्यावर नोंद होती: खुर्ची रिकामी. या खेपेला ती खरी होती.