सिंहगड ते राजगड, आवृत्ती सात

आमचं लग्न ठरलं तेव्हासुद्धा एवढ्या बैठका झाल्या नव्हत्या. सिंहगडावर चढायचं, तिथून डोंगराच्या धारेने पळत राजगड गाठायचा आणि संध्याकाळी घरी यायचं, एवढीच काय ती सहल. पण माझे यजमान प्रज्ञेश हिंजवडीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणाऱ्या खात्याचे साहेब. आराखड्याशिवाय त्यांचा चहासुद्धा उकळत नाही. एक्सेलमध्ये तक्ता झाला, त्याच्या आवृत्त्या झाल्या आणि डिसेंबरातल्या एका शनिवारी सातवी आवृत्ती मंजूर करायला मंडळी आमच्या कर्वेनगरच्या हॉलमध्ये जमली. पळायचं होतं आठ दिवसांनी, रविवारी.

मंडळी म्हणजे त्यांच्या ऑफिसातली दोघं, चेतन आणि तेजस्विनी. दोघंही तिशीच्या आतली. मी पोहे केले होते.

तक्त्यात काय नव्हतं? पाणी, मीठ-साखर, जादा मोजे, जळवांवर उपाय. डिसेंबरात जळवा नसतात हे मी दोनदा सांगितलं, तरी ती ओळ कायम. शेवटून दुसऱ्या ओळीत मी होते. ‘शर्मिला : गाडी घेऊन गुंजवण्याला (राजगड पायथा) थांबणे. जेवण.’

आणि एक नियम होता, जाड अक्षरात. सिंहगडाचा पायथा ते पुणे दरवाजा साठ मिनिटांच्या आत चढेल तोच पळेल, नाहीतर गाडीत बसेल. वर साक्षीदार हवा. या लोकांचा सख्ख्या भावावरही विश्वास नसतो. तेजस्विनी शेहेचाळीस मिनिटं, साक्षीदार चेतन. चेतन एकोणपन्नास, साक्षीदार तेजस्विनी. प्रज्ञेश अठ्ठावन्न, साक्षीदाराचा रकाना कोरा. साहेबांना कोण विचारतो!

आता माझी लबाडी सांगते. पाच महिने मी पहाटे भाजी आणायला म्हणून बाहेर पडत होते आणि म्हातोबाच्या टेकडीवर पळत होते. बूट स्कूटरच्या डिकीत. घरी सांगितलं असतं तर माझ्याही नावाचा तक्ता झाला असता, म्हणून नाही सांगितलं. शाळेनंतर मी कधी पळले नव्हते. सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं की मला पळायला येतं, आणि इतका आनंद झाला की तो कुणाला दाखवावासाच वाटेना. राजगड मात्र मला हवा होता. गुंजवण्याला डबे राखत बसून नव्हे, स्वतःच्या पायांनी.

मागच्या रविवारी प्रज्ञेश म्हणाले, ऑफिसात तातडीचं काम आहे. मी म्हटलं, मीही धायरीला मैत्रीकडे जाते. मैत्री माझी बहीण. मी धायरी मागे टाकली आणि थेट सिंहगडाचा पायथा गाठला. अर्ध्या वाटेवर मुक्ताईंच्या ताकाच्या टपरीपाशी बघते तर आमचे साहेब बूट काढून, पाय पसरून बसलेले! मी टोपी डोळ्यांवर ओढली आणि जी सुटले ती दरवाज्यापाशी थांबले. चोपन्न मिनिटं. ते आठ-दहा मिनिटांनी वर आले तेव्हा मी आडोशाला होते. त्यांची दमछाक बघवत नव्हती. त्या रात्री तक्त्यात अठ्ठावन्न उमटले.

मी गप्प बसले. पन्नाशी ओलांडून हिंजवडीत टिकणं काय असतं ते मी रोज बघते. दर वर्षी निम्म्या वयाची मुलं येतात, आणि हे त्यांच्याबरोबर जिने चढतात, लिफ्ट सोडून. त्या मुलांसमोर त्यांना खोटं पाडून मला राजगड नको होता.

पण शनिवारी तेजस्विनी शेवटची ओळ वाचून म्हणाली, “सगळ्यांना मंजूर?” आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “मला पळायचंय.”

“काकू, साठ मिनिटांचा नियम आहे हं,” चेतन हसत म्हणाला. या मुलाने मला काकू म्हणायचं थांबवलं तर मी त्याला जास्त पोहे देईन.

“चोपन्न,” मी म्हटलं. “गेल्या रविवारी.”

“सॉलिड! साक्षीदार कोण?”

मी यांच्याकडे बघितलं नाही. “कुणी नाही. राहू दे. घे, पोहे निवतील.”

“आहे,” प्रज्ञेश म्हणाले. “मी आहे साक्षीदार.”

चेतनचा चमचा हवेतच राहिला.

“मी टपरीवर बूट काढून बसलो होतो. ही माझ्यासमोरून गेली, टोपी ओढून. बावीस वर्षं हिची चाल बघतोय, टोपीने काय लपतंय?” त्यांनी घसा साफ केला. “आणि माझे अठ्ठावन्न खोटे आहेत. सदुसष्ट लागले.”

मला त्यांचा अभिमान वाटायला हवा होता. वाटलाही, पण आधी राग आला. “म्हणजे आठवडाभर माहीत होतं, तरी मला गाडीत बसवलंत?”

“तुझं सांगितलं असतं तर माझंही सांगावं लागलं असतं,” ते हळूच म्हणाले. “तेवढं धैर्य नव्हतं, शर्मिला. चुकलो.”

मग त्यांनी लॅपटॉप ओढला, माझं नाव पळणाऱ्यांत घातलं, स्वतःचं गाडीच्या ओळीत. अठ्ठावन्न पुसून सदुसष्ट केले. मला त्या क्षणी उठून त्यांचा हात धरावासा वाटला, आणि मी धरला, त्या दोघांसमोर.

तेजस्विनीने नवा तक्ता वाचायला घेतला. “सर, गाडी तीन वाजता निघणार असं लिहिलंय. कुणी मागे राहिलं तर त्याने एस्टीने यायचं. तसंच ठेवू?”

नियम त्यांचाच होता, तोही जाड अक्षरात.

“काढून टाक,” प्रज्ञेश म्हणाले. “ही खाली उतरल्याशिवाय गाडी हलणार नाही.”