ड्रायव्हरच्या घरची सहल

जरा बूच सैल करा, म्हणजे माझा आवाज नीट बाहेर येईल. हं, आता कसं! मी थर्मास बोलतोय. रंगाने निळा, एका खांद्याला पोचा पडलेला, डोक्यावर कपाची टोपी. दिसायला साधाच आहे, पण माझ्या पोटात काचेच्या दोन भिंती आहेत आणि त्या दोन भिंतींच्या मध्ये काहीही नाही. हवासुद्धा नाही. त्या 'काहीही नाही'च्या जोरावर मी सकाळचा चहा दुपारपर्यंत वाफाळता ठेवतो.

कारखान्यात जन्मलो तेव्हा माझ्यासारखे कितीतरी भाऊ एका रांगेत उभे होते. त्यांतले कोणी दवाखान्यात गेले, कोणी कचेरीत. मी एका भांड्यांच्या दुकानात मागच्या फळीवर बसून राहिलो. एके दिवशी एक बाई आल्या. कडेवर दात येत असलेली मुलगी, सोबत एक ठसठशीत म्हातारी. बाईंच्या नवऱ्याला शहरातल्या बसवर ड्रायव्हरची नोकरी लागली होती. त्यांना मी घ्यायचा होतो. म्हातारीचं मत मात्र वेगळं होतं.

"गरम राहिला म्हणून काय झालं? सकाळचा चहा तो दुपारी शिळाच!" ती म्हणाली.

"आत्या, स्टँडवरचा चहा पिऊन पिऊन त्यांचं पोट बिघडतं," बाई म्हणाल्या आणि मला काखोटीला मारलं. कडेवरची ती मुलगी बूच चावायला लागली. त्या घरात मी असा शिरलो.

मुलीच्या तोंडून ऐकून ऐकून मीही त्यांना आई आणि बाबा म्हणायला लागलो. आत्या म्हणजे बाबांची आत्या. बाबांना तिनेच लहानाचं मोठं केलेलं. आणि मुलगी एका जागी कधी बसायची नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे.

मी रोज बाबांबरोबर कामावर जायचो. सीटच्या डाव्या बाजूला, जाळीच्या कप्प्यात माझी जागा. बाबा गाडी इतकी अलगद थांबवायचे, की माझ्या पोटातला चहा कधी काठालासुद्धा लागला नाही. म्हणूनच पुढे त्यांना सहलीच्या पिवळ्या बसवर घेतलं.

ही बस वर्षभर झाकून ठेवलेली असे. थंडी पडली, सणासुदीचे दिवस आले, की दर शनिवार-रविवारी ती बाहेर निघे. मोठ्या चौकातून सुटायची, रोषणाईच्या बाजारातून जायची, बागेला वळसा घालून तळ्याकाठी थांबायची आणि परत. लोक नटूनथटून यायचे. लोकरीच्या टोप्या, नवे बूट, हातात भाजलेली कणसं. उतरताना कोणाच्या तरी पोराचा फुगा दारात हमखास फुटायचा. मला हे सगळं फार आवडायचं. बसमध्ये सगळेच खूश, मग चहालाही गोडी येते.

पण एक गोष्ट मला हळूहळू कळली. अख्खं शहर ज्या दिवशी फिरायला निघतं, त्या दिवशी बाबांना सुट्टी नसते. आई एका कपड्यांच्या दुकानात शिवणकाम करायची, तिला रविवार मोकळा. बाबांना मोकळा मिळायचा मंगळवार. मंगळवारी भिंगरी शाळेत. असं करता करता ती तिसरीत गेली, तरी चौघांची मिळून एकही सहल झाली नव्हती.

एका संध्याकाळी बाबा कामावरून आले. ते दारात बूट काढत होते, मी त्यांच्या काखेत होतो. आत भिंगरी आत्याला विचारत होती, "आत्या, तळं केवढं असतं गं? आपल्या गच्चीएवढं?"

"मला काय माहीत? का गं?"

"शाळेत सगळे सांगत होते, तळ्यावर जाऊन आलो म्हणून. मी म्हटलं, ती बस माझे बाबा चालवतात. तर म्हणाले, मग तू तर दर रविवारी जात असशील. मी हो म्हटलं." तिचा आवाज बारीक झाला. "आता उद्या विचारतील ना, तळ्यात काय काय आहे ते."

कोपऱ्यात शिवत बसलेल्या आईच्या यंत्राचा आवाज थांबला. बाबांनी बूट तसाच हातात धरला होता. मग त्यांनी मला मोरीपाशी ठेवलं आणि बराच वेळ नळ सोडून हात धूत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डेपोत मोठ्या साहेबांकडे एका रविवारची सुट्टी मागितली. "हंगाम संपू दे, मग हवी तेवढी घ्या," साहेब म्हणाले. हंगाम संपल्यावर पिवळी बसच बंद होते, हे बाबांनी त्यांना सांगितलं नाही. घरी आल्यावर आईला एवढंच म्हणाले, "नाही जमत."

आईने मान डोलावली. पण तिची ती मान डोलवायची तऱ्हा मला ठाऊक होती. कापडावर कात्री चालवायच्या आधी ती तशीच डोलवते.

रविवारी सकाळी बाबा गणवेश चढवून तयार झाले. "माझा थर्मास कुठाय?"

"गळतोय तो," आई गॅसवरून नजर न काढता म्हणाली. "आज कँटीनचा चहा घ्या."

मी आणि गळतोय! माझ्या जन्मात एक थेंब कधी सांडला असेल तर शपथ! पण मी पिठाच्या डब्यामागे लपवलेला होतो आणि कट मला माहीत होता, म्हणून अपमान गिळला. बाबा गेले रे गेले, की घरात एकच धांदल उडाली. आत्याने कुकरमध्ये संत्र्याच्या सालीचा केक लावला. आईने माझ्या पोटात कढत कोको ओतला. इतकी वर्षं चहा पिणारा मी, कोकोने पार हरखून गेलो. भिंगरीला आईने समोर बसवून बजावलं, "बसमध्ये बाबा म्हणून हाक मारायची नाही. गाडी चालवणाऱ्याशी बोलायचं नसतं. कबूल?"

"कबूल."

चौकात भली मोठी रांग होती. आम्ही मागच्या दाराने चढलो. तिकिटं तपासणाऱ्या गाइडताईने आम्हाला शेवटचं बाक दिलं. खिडकीची जागा आत्याने न विचारताच पटकावली. मी भिंगरीच्या मांडीवर. बस सुटली. पुढे बाबांची पाठ दिसत होती, आणि त्यांच्या डोक्यावरचा लांबट आरसा.

पहिल्याच सिग्नलला त्यांनी आरशात पाहिलं. आधी त्यांना मी दिसलो. निळा रंग, खांद्याला पोचा. त्यांची नजर रस्त्यावर गेली आणि पुन्हा आरशात आली. मग माझ्यामागचा चेहरा दिसला. त्याच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला आत्या. सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या. आमची बस जागची हलेना.

"दादा, सिग्नल सुटला," गाइडताई म्हणाली.

बस हलली. भिंगरीने ओठ इतके घट्ट मिटले होते, की गाल फुगले होते. शेवटी तिने ताईला खुणेने जवळ बोलावून कानात काहीतरी सांगितलं. ताई हसली आणि माइकवर म्हणाली, "मंडळी, शेवटच्या बाकावरच्या एका छोट्या पाहुणीचा निरोप आहे. ड्रायव्हरदादा, तुम्ही गाडी फार छान चालवता!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांचे कान मागून लालबुंद दिसत होते. एवढ्यावर भागलं असतं, पण आत्याला कोणी काही बजावलंच नव्हतं. ती खणखणीत आवाजात ओरडली, "बाळ्या, आत स्वेटर घातलायस ना रे?"

अख्खी बस खो खो हसायला लागली. गणवेशातले, टोपीतले, रुबाबदार बाबा एका क्षणात बाळ्या झाले. मग काय, लपवण्यासारखं काही उरलंच नाही. पुढच्या बाकावरच्या आजोबांनी वळून विचारलं, "तुमचे चिरंजीव का?" आत्याने त्यांना बाबांच्या लहानपणापासूनचा इतिहास सांगायला घेतला. रोषणाईचा बाजार आला, दिव्यांच्या माळा आल्या, मिठायांची दुकानं आली. लोक अर्धं लक्ष बाहेर आणि अर्धं आत्याकडे ठेवून बसले होते.

तळ्याकाठी बस थांबली. सगळे उतरून पांगले. बाबा मात्र सीटवरच बसून राहिले. त्यांनी मागे वळून पाहिलं, तेव्हा आम्ही पुढे येऊन उभे होतो.

"तुम्ही... इथे..." बाबा सीटवरून उठले.

"तिकीट काढून बसलोय," आई म्हणाली. "उतरवताय का?"

बाबा हसले. असं मोकळं हसू मी बसमध्ये पहिल्यांदाच पाहिलं. भिंगरीने शपथ मोडून त्यांच्या गळ्यात उडी घेतली. "बाबा, तळ्यात बदकं आहेत का?"

"असतील गं."

"असतील म्हणजे?"

"मला इथून फक्त कठडा दिसतो," बाबा म्हणाले. "बस सोडून जाता येत नाही ना. मी कधी खाली उतरलोच नाही."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. इतकी वर्षं तिला वाटायचं, की हे निदान तळं तरी बघतात. ती काही बोलणार तोच पायरीवर बूट वाजले. तपासनीस साहेब! खाकी कोट, आखूड मिशा, कपाळावर कायमची आठी.

"ही काय जत्रा आहे? तिकिटं?"

आईने तिकिटं दाखवली. साहेबांनी ती उलटसुलट करून पाहिली. "प्रवाशांनी खाली उतरायचं. ड्रायव्हरने गाडीजवळच थांबायचं. नियम आहे."

"थांबलेच आहेत ते," आत्या म्हणाली. "म्हणून तर आम्ही वर आलोय. केक खाणार का? संत्र्याचा आहे."

"मी कामावर खात नाही."

भिंगरी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. "काका, रविवारी तुम्हाला पण सुट्टी नसते?"

"नसते."

"मग तुमच्या घरचे कोणाबरोबर फिरायला जातात?"

साहेबांच्या कपाळावरची आठी तशीच राहिली, पण ते तिकिटं परत करायची विसरले होते. बाबा खाली मान घालून उभे होते. आता नोकरीवर काय शेकतंय, या धास्तीने मी आतल्या आत गार पडलो. थर्मास म्हणून ही शरमेचीच गोष्ट, पण खरी ती खरी.

"जा," साहेब एकदम म्हणाले. "तळं दाखवून आणा पोरीला. गाडीपाशी मी थांबतो. आणि लवकर या!"

बाबांना ते पुन्हा सांगावं लागलं नाही. भिंगरी पुढे, तिच्यामागे बाबा, आई आणि केकचा डबा सांभाळत आत्या. त्या गडबडीत मला सगळेच विसरले. मी ड्रायव्हरच्या सीटवर एकटा पडलो. चौघांची पहिली सहल, आणि मी तिथे नव्हतो! कठड्यापलीकडून भिंगरीचं खिदळणं तेवढं ऐकू येत होतं.

साहेब सीटवर टेकले. इकडेतिकडे पाहिलं. मग माझं बूच फिरवलं, टोपीत कोको ओतला आणि फुंकर मारत प्यायले. थोड्या वेळाने खिशातून फोन काढला. "हॅलो... काय करतेयस? ... नाही, काही झालं नाही. सहज केला. ... जेवलीस का? ... हो, ऐकतोय. सांग ना." पलीकडून कोणीतरी खूप भरभर बोलत होतं. साहेब नुसते हं हं म्हणत होते. हळूहळू ती आठी उलगडली.

चौघं परतले तेव्हा भिंगरीचे बूट चिखलाने माखले होते आणि बाबांच्या गणवेशाच्या बटणाला गुलाबी 'म्हातारीचे केस' चिकटले होते. "बदकं आहेत! आणि एक तर बाबांच्या मागेच लागलं!" भिंगरी दारातूनच ओरडली. आत्याने मला उचलून हलवून पाहिलं. "अगंबाई, हा अर्धा रिकामा कसा?"

साहेबांनी घाईघाईने रुमालाने मिशा पुसल्या. कोकोची रेघ तरीही राहिलीच. "वेळ झाली, गाडी काढा," असं म्हणून ते खाली उतरले. आत्याने खिडकीतून केकचा तुकडा कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिला. या वेळी त्यांनी नाही म्हटलं नाही.

त्यानंतर काय झालं ते मी डेपोच्या कँटीनमध्ये ऐकलं. तपासनीस साहेबांनी मोठ्या साहेबांशी बराच वाद घातला, आणि हंगामात प्रत्येकाला पाळीपाळीने एक रविवार मिळायला लागला. तपासनीस साहेबांनाही.

बाबांचा पहिला मोकळा रविवार मी विसरणार नाही. आम्ही पिवळ्या बसनेच गेलो, दुसरा ड्रायव्हर होता. बाबा प्रवासी म्हणून बसले खरे, पण प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबायचा. "अहो, पाय आवरा, समोरच्या बाईंचं बाक हलतंय," आई म्हणायची. तळ्यावर पोचल्यावर ते चटईवर आडवे झाले आणि सरळ झोपून गेले. भिंगरीने त्यांच्या पोटावर संत्री रचली. मी उशाशी होतो. तळं मी मन भरून पाहिलं. गच्चीपेक्षा खूप मोठं आहे.

त्याला बरीच वर्षं झाली. मधे एकदा मी पायऱ्यांवरून गडगडलो आणि आतली काच फुटली. लोक म्हणाले, नवा घ्या. पण आईने दुकानं धुंडाळून आतली बाटली तेवढी बदलून आणली. आता बूच जरा सैल बसतं, म्हणजे आता मी खरंच थोडासा गळतो. भिंगरी आईपेक्षा उंच झाली आहे. आत्याची नजर अधू झालीय, पण खिडकीची जागा ती अजूनही कोणाला देत नाही.

तुम्हाला एकच सांगणं आहे. सुट्टीच्या दिवशी फिरायला निघालात, की जो तुम्हाला नेतो, जो फाटक उघडतो, जो कणसं भाजतो, त्याच्याकडे एकदा बघा. त्याच्याही घरी कोणीतरी वाट बघत असतं. जमलं तर आपल्यातला एक कप त्याच्यापुढे करा. आणि घरात माझ्यासारखा एखादा थर्मास फडताळावर धूळ खात असेल, तर त्याला खाली काढा. आम्हाला रिकामं बसवत नाही.

बास, आता थांबतो. आईने मला विसळायला घेतलंय, आत्या केकचा डबा शोधतेय आणि बाबा जिन्यातून ओरडताहेत, "चला लवकर, बस सुटेल!" बूच लावतायत माझं. येतो मी!