भरीव आवाजासाठी एक भिंत

आमच्या मेहुण्यांना अकरा वर्षं एकच ध्यास. स्टिरिओचा आवाज भरीव यावा, उबदार यावा. आता ऊब पाहिजे तर माणसानं गोधडी घ्यावी, पण हे गृहस्थ दर वर्षी नवीन काहीतरी घरात आणत. आधी अ‍ॅम्प्लिफायर बदलला, मग प्लेअर. मग अंगठ्याएवढ्या जाड वायरी आणल्या आणि त्या जमिनीला टेकू नयेत म्हणून खाली लाकडी ठोकळे ठेवले. केर काढताना त्या ठोकळ्यांची ठेच लागून माझ्या बहिणीनं किती वेळा अंगठा फोडून घेतला असेल, देव जाणे. प्रत्येक खरेदीनंतर मला बोलावणं यायचं. आवाज पहिल्यासारखाच, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. मेहुणे डोळे मिटून म्हणायचे, थोडा फरक पडलाय. मी म्हणायचो, हो, कपाटातल्या जागेत पडलाय.

मी तीस वर्षं रेडिओ, टेप, अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त केलेत. असली माणसं दुकानात रोज यायची. कान नाही, पण हौस दांडगी. मेहुण्यांना मी उंटावरचे शहाणे म्हणत आलो, तेही चारचौघांत, आणि ते नुसते हसायचे. पालथ्या घड्यावर पाणी.

या खेपेला मात्र हद्द झाली. कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की खोली लहान आहे, म्हणून आवाज गुदमरतो. पलीकडे बहिणीची शिवणाची खोली. खिडकीखाली मशीन, खिळ्यांना टांगलेले कापड बेतायचे कागदी नमुने, गिऱ्हाइकाला उभं करायला आरसा. मधली भिंत पाडायची आणि मशीन न्हाणीघराजवळच्या बोळात हलवायचं, असं ठरलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. यांनी अंगणच खणायला काढलं.

बहिणीचा फोन आला. "दादा, सोमवारी गवंडी येतोय. त्या बोळात उजेड नाही रे. काळ्या कापडावर काळा दोरा मला दिसायचा नाही, माझं काम बंद पडेल. त्यांना वेड्यात काढू नकोस, फक्त भिंत वाचव."

सोमवारी सकाळीच पोचलो. भिंतीवर खडूची रेघ मारून गवंडी बाहेर पायरीवर बसला होता. मेहुणे चहा करायला आत गेले. चहाही हे पाणी मोजून करतात, त्यामुळे मला भरपूर वेळ होता.

माझा होरा असा, की या शहाण्यांनी वायरी लावताना लाल-काळी उलटसुलट केली असणार. एका स्पीकरची जोडणी उलटी झाली, की एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, आणि दोघं मिळून खालचे सूर खाऊन टाकतात. उरतो पत्र्याचा डबा. चूक सापडली की गवंड्यासमोरच यांची शोभा करायची, हे मी येतानाच ठरवलं होतं. एकेक वायर तपासली. सगळ्या बरोबर. मला रागच आला.

मग वायरी सोडवल्या आणि पिशवीतला सेल एकेका स्पीकरच्या खोक्याला लावून बघितला. डाव्या स्पीकरचा पडदा बाहेर आला. उजव्याचा आत गेला.

म्हणजे दोष खोक्याच्या आत. मी मागची फळी उघडली. लाल वायर भलत्याच टोकाला सोल्डर केलेली, पण काम कसं सुबक, चकचकीत. फळीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं माझी सही होती आणि खाली बहिणीच्या लग्नाची तारीख. हे दोन्ही स्पीकर मीच बनवून तिला लग्नात दिले होते.

मी दाराकडे बघितलं. कुणी नव्हतं. सांगायला लाज वाटते, पण मी घाईघाईनं वायरींची अदलाबदल केली, फळी बसवली, बाकीचं सगळं जोडलं आणि हात पुसून साळसूदासारखा बसलो. मेहुणे कप घेऊन आले. त्यांनी गाणं लावलं. खोली काठोकाठ भरली. कप त्यांच्या हातात तसाच राहिला. पलीकडचं मशीन थांबलं आणि बहीण दारात आली.

"अ‍ॅम्प्लिफायर मुरला बहुतेक," मेहुणे हळूच म्हणाले. "भिंत गेल्यावर काय होईल, बघा." आणि ते गवंड्याला बोलवायला उठले.

गप्प बसलो असतो तर माझी अब्रू झाकली राहिली असती. बहीण माझ्याकडेच बघत होती.

"बसा, जावईबापू," मी म्हणालो. "अ‍ॅम्प्लिफायर नाही. उजव्या खोक्यात वायर उलटी होती, अकरा वर्षं. मीच लावली होती."

ते वळून त्या खोक्यापाशी गेले. आता मला फैलावर घेणार, असं वाटलं. घ्यायलाच हवं होतं.

"खोकी मी कधी उघडलीच नाहीत," ते म्हणाले. "तुम्ही केलेली ना. तिथे चूक नसणार, हे धरूनच चाललो. मग बाकीचं एकेक बदलत गेलो. शेवटी भिंतच राहिली होती."

त्यांच्या बोलण्यात मी टोमणा शोधला. नव्हता. असता तर बरं झालं असतं. बहिणीनं गवंड्याला चहा देऊन परत पाठवलं आणि ओलं फडकं घेऊन ती भिंतीवरची रेघ पुसायला लागली.