काढणीच्या सुट्टीतले सहा तास

सरकता पट्टा थांबला तसे ओदेत मिशोनं हातमोजे काढले, एप्रनच्या खिशातून घडी केलेले कागद काढले आणि बटाट्यांच्या रिकाम्या खोक्यावर पसरले. दहा मिनिटांची सुट्टी होती. पॅकिंग शेडमध्ये सगळ्यांनी थर्मास उघडले.

"वाच की मोठ्यानं," शेजारची फर्नांद म्हणाली. "माझा चष्मा गाडीत राहिलाय."

"काय वाचायचं? सगळं एकसारखंच आहे. 'मिरेय वेळेवर हजर. मिरेय प्रसन्न. ओठांच्या आवाजांत चांगली प्रगती.' चव्वेचाळीस वेळा."

"चव्वेचाळीस वेळा प्रसन्न? आमचे हे लग्नाच्या दिवशीसुद्धा इतके प्रसन्न नव्हते गं."

ओदेत हसली, पण तिचं लक्ष कागदावरच होतं. मिरेयच्या तासांच्या नोंदींचे हे कागद मिळवायला तिला सात आठवडे लागले होते. तोंडी मागितले तेव्हा शाळेच्या कार्यालयातून "बघतो", "सांगतो" एवढंच यायचं. शेवटी फर्नांदनंच कान टोचले. तिच्या नातवाच्या वेळी ती या सगळ्यातून गेली होती. "लेखी माग बाई. तोंडी मागशील तर कॉफी पाजून परत पाठवतील. लेखी मागितलं की त्यांना उत्तर द्यावंच लागतं." मग ओदेतनं रविवारी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून अर्ज लिहिला, तीनदा फाडला आणि चौथा पाठवला.

ओदेतची मिरेय नऊ वर्षांची होती. डोकं तल्लख, पत्त्यांत बापाला हरवायची. पण तोंड तिचं ऐकत नसे. शब्द मनात तयार असायचा, ओठांपर्यंत यायचा आणि तिथंच विस्कटायचा. शाळेत नादोबाई म्हणून एक बाई होत्या. मंगळवारी आणि गुरुवारी त्या तिचा स्पीचचा तास घ्यायच्या. आरशासमोर बसवून, गालाला हात लावून, एकेक आवाज त्यांनी दोन वर्षांत तिच्या तोंडात बसवला होता. जूनमध्ये नादोबाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी यायला कोणी तयार होईना. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या पार वरच्या टोकाला, नदीपलीकडे कॅनडा दिसतो आणि घरोघरी फ्रेंच बोलतात अशा गावात, कोण येणार? मग शाळेनं दक्षिणेकडच्या एका कंपनीशी करार केला. त्यांची बाई कॉम्प्युटरच्या पडद्यावरून तास घेणार, असं ठरलं.

नाताळच्या सुमारास ओदेतच्या लक्षात आलं, की मिरेय मागे चाललीय. आलेले आवाज एकेक करून जात होते. तिनं वर्गातल्या मदतनीस बाईला बसपाशी गाठलं. ती इकडंतिकडं बघत हळूच म्हणाली, "पडद्यावर नुसतं चाक फिरत असतं गं. ती बाई सात-आठदा दिसली असेल. पोरगी बिचारी अर्धा तास चाकाकडं बघत बसते. माझं नाव घेऊ नकोस हं."

ओदेतनं तिचं नाव घेतलं नाही. पण मग पुरावा काय? शाळेचं उत्तर आलं: नोंदवहीप्रमाणे सर्व तास झाले आहेत, सबब भरपाईचे तास देण्याचा प्रश्न उद्भवत नाही. वर्गात मिरेय होती आणि पडदा होता. जिला बोलताच येत नाही, तिची साक्ष कोण काढणार? घरी आल्यावर इतर पोरं सांगतात, आज असं झालं अन् तसं झालं. मिरेय दप्तर ठेवायची आणि पत्ते पिसायला घ्यायची. आपली मुलगी दर मंगळवारी-गुरुवारी अर्धा तास फिरतं चाक बघत होती आणि आपल्याला चार महिने पत्ता नव्हता, हे आठवलं की ओदेतला स्वतःचीच चीड यायची.

"अजून पाच मिनिटं," मुकादम ओरडला.

ओदेत एकोणीस वर्षं पट्ट्यावर उभी होती. समोरून बटाटे वाहत जात आणि चांगल्यांवर तिची नजर थांबतच नसे. सडका, चिरलेला, हिरवा आला की हात आपोआप पुढं जाई. तशीच ती आता तारखांवरून चालली होती, आणि चोवीस सप्टेंबरवर हात थांबला.

"फर्नांद, काढणीची सुट्टी कधी लागली होती गं?"

"सोळाला. का?"

"आणि संपली?"

"ऑक्टोबरच्या चारला. अगं पण का?"

ओदेतनं बोट ठेवलं. सतरा, एकोणीस, चोवीस, सव्वीस. मग ऑक्टोबरची एक आणि तीन. सहाही दिवशी मिरेय हजर, सहाही दिवशी प्रसन्न.

"ह्या बाईनं काढणीत तास घेतलेत."

फर्नांद अशी हसली, की तिला खोक्याचा आधार घ्यावा लागला. या परगण्यात बटाटे निघाले की तीन आठवडे शाळांना कुलूप लागतं. पोरं, बाया, म्हातारे, सगळे शेतात. पार आजोबांच्या काळापासून चालत आलेलं, ते काही कुणी कुणाला सांगत नाही. दक्षिणेतल्या त्या बाईला नाताळ माहीत होता, थँक्सगिव्हिंग माहीत होतं. तेवढ्या तारखा तिनं नेमक्या कोऱ्या सोडल्या होत्या. बटाट्यांनी मात्र तिचं पितळ उघडं पाडलं.

"आता सोडू नकोस त्या गिल्बेरला," डोळे पुसत फर्नांद म्हणाली. "पण ओरडू नकोस. ओरडलीस तर 'आई जरा तापट आहे' असं लिहून ठेवतील."

गिल्बेर लाजोआ शाळेचा विशेष शिक्षणाचा प्रमुख होता. एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी बैठक ठरली. नवरा रेनो ट्रक घेऊन बोस्टनकडं गेला होता, म्हणून ओदेत एकटीच गेली. चर्चला जाताना घालायचा कोट तिनं घातला होता. गिल्बेरनं स्वतः कॉफी ओतली. तो वाईट माणूस नव्हता. शाळेत असताना तिच्या वहीतून गणितं उतरवायचा आणि बदल्यात सफरचंद द्यायचा.

"काय गं ओदेत, अर्जबिर्ज कशाला? सरळ फोन करायचास."

"चार केले. तुम्ही बैठकीत होतात."

"तुम्ही? अगं, एका बाकावर बसलोय आपण!"

"बसलोय की. आज मिरेयची आई म्हणून आलेय."

त्यानं खुर्ची पुढं ओढली. "हे बघ, नोंदवही आमच्या बाजूनं आहे. नियमानं मी काहीच देणं लागत नाही. पण तुझी तळमळ कळते मला. उन्हाळ्यात बारा तास देतो. पाच मुलांच्या गटात. चालेल?"

नादोबाई गालाला हात लावून शिकवायच्या. पाचांच्या गटात कोणाच्या गालाला कोण हात लावणार? ही सरळ बोळवण होती. ओदेतनं कागद त्याच्यापुढं सरकवला.

"चोवीस सप्टेंबर वाचता का जरा?"

"'मिरेय वेळेवर हजर. मिरेय प्रसन्न...'" गिल्बेर थांबला. पुन्हा तारीख बघितली.

"त्या दिवशी तुम्ही कुठं होतात?"

त्याचे कान लाल झाले. तो कुठं होता हे दोघांनाही माहीत होतं. दरवर्षीप्रमाणे तो मेहुण्याचा बटाट्याचा ट्रक चालवत होता.

"मी तुमच्या मेहुण्याच्याच हार्वेस्टरवर बटाट्यांतले दगड वेचत होते," ओदेत म्हणाली. "मिरेय बांधावर आमच्या पिकअपमध्ये बिस्किटं खात होती. तुम्ही जाताना तिला हात केलात. तिनंही केला."

"आठवतंय," तो हळू आवाजात म्हणाला.

"खाली सही कुणाची आहे?"

सही त्याचीच होती, प्रत्येक महिन्याच्या कागदावर.

"कंपनीचे गठ्ठे येतात गं. वाचत नाही मी. सही करतो आणि पुढं ढकलतो."

"ते कळलं मला."

"सगळे देतो," तो म्हणाला. "चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस. पडद्यावर नाही, समोर बसून, एकटीला. बँगोर शहरातली एक बाई उन्हाळ्यापासून यायला तयार आहे, तिला सांगतो. आठवड्यातून चारदा. शाळा उघडेपर्यंत बहुतेक फिटेल. फक्त..." त्यानं दाराकडं बघितलं. "हे आपल्या दोघांत ठेवशील का?"

ओदेतला त्याचं म्हणणं लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा तिनं कप खाली ठेवला.

"ह्या कंपनीकडं अजून किती पोरं आहेत?"

"आठ."

"त्यांच्याही वह्यांत काढणीतले तास आहेत?"

गिल्बेरनं कागदांच्या कडा सारख्या केल्या.

"ओदेत, बाई एकच आहे," शेवटी तो म्हणाला. "नऊ पोरांत वाटली तर मिरेयच्या वाट्याला आठवड्याला एखादाच तास. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालेल हे. तुझ्याच पोरीचं नुकसान. विचार कर."

तिनं विचार केला. खरं सांगायचं तर तिला मोह झाला, चांगलाच झाला. आठवड्यातून चार तास! शाळा उघडेपर्यंत मिरेय कुठच्या कुठं गेली असती. त्या आठांच्या आयांनी तरी कुठं मागितलं होतं? पण त्यांतली एक तिच्याच पट्ट्यावर, तीन माणसं सोडून उभी असायची. तिच्या समोर रोज दहा तास उभं राहायचं आणि तोंड मिटून बसायचं, हे ओदेतला जमणारं नव्हतं. तोंड मिटलेलं माणूस घरात एक होतं तेवढं पुरे होतं.

"नऊ जणांना द्या," ती म्हणाली. "आठही घरांना पत्र जाऊ दे. तुमच्या सहीनं."

गिल्बेरनं मान हलवली. त्याला बरंही वाटलं असावं. निदान चेहरा तरी सैल झाला. त्यानं खणातून एक छापील कागद काढला. "हा भरावा लागतो. तास का द्यायचे, ते वर मी लिहितो. खाली दोन ओळी आईच्या. तास बुडाल्यानं मुलाचं काय नुकसान झालं, ते."

"दोनच ओळी?"

"छापल्यात तेवढ्याच."

ओदेतनं पेन घेतलं. आवाज मागे गेले, प्रगती खुंटली, असले शब्द तिला अर्ज लिहून लिहून पाठ झाले होते. तिनं ते लिहिले नाहीत. जे रेनोला, फर्नांदला, कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर रडू आवरलं नसतं, ते तिनं एका ओळीत लिहिलं आणि कागद फिरवून त्याच्यापुढं केला.

'जूनमध्ये मिरेय मला मामाँ म्हणत होती. आता म्हणत नाही.'

गिल्बेरनं वाचलं. दुसरी ओळ कोरीच होती. त्यानं ती भरायला सांगितली नाही, सही केली. या वेळी वाचून केली.

जुलैत बँगोरची बाई आली. विशीतली, झिपऱ्या केसांची, गाडीच्या मागं सायकल बांधून. तिनं मिरेयशी आधी पत्त्यांचा एक डाव खेळला, हरली, आणि मग आरसा काढला. मिरेय आत गेली ती आईकडं वळून न बघताच गेली.

ओदेत बाहेर पोरांच्या बुटक्या खुर्चीवर बसली. गुडघे पार छातीशी आले. शाळा रिकामी होती, फरशीला नुकतंच मेण लावलेलं होतं. पट्ट्यावर तीन माणसं सोडून उभी असणारी ती आई आपल्या मुलाला घेऊन पुढच्या तासासाठी आली होती. तिनं काही न बोलता ओदेतला अर्धं सँडविच दिलं आणि पोराला खिडकीतून मैदान दाखवायला घेऊन गेली.

आतून बँगोरच्या बाईचा आवाज आला. "ओठ मिट. हं, असे. आता गुणगुणल्यासारखं कर, म् म् म्." मग काहीच नाही. पुन्हा तोच आवाज, तितक्याच शांतपणे. पुन्हा काहीच नाही.

सँडविच हातात तसंच होतं. ओदेतच्या लक्षात आलं, की आपलेही ओठ घट्ट मिटलेले आहेत. ते तसेच ठेवून ती दाराकडं बघत बसली.