शुक्रवारी हरवणारा ताल

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे, आणि माझ्याइतक्या टिचक्या तुमच्यापैकी कुणीही डोक्यात खाल्लेल्या नाहीत. जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. बोईसरच्या पुंजाराम मंडपवाल्याने मला विकत घेतले, तेव्हापासूनचे सगळे आठवते. मनोरची लग्ने, केळव्याच्या पूजा, कोळगावची भाषणे मी ऐकली. जो येतो तो आधी टिचकी मारतो, मग फुंकर घालतो आणि मग विचारतो, "हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?" अरे शहाण्या, मी चालूच आहे. तुझे डोके चालू आहे का ते बघ.

पुढे पुंजारामने नवे माइक आणले आणि मला एमआयडीसीतल्या त्याच्या गाळ्यात, फाटक्या कनातींच्या ढिगावर टाकले. तिथे चार पोरे गाणी बसवायला येत. त्यांच्या बँडचे नाव 'गंज'. दिग्विजय गायचा, उत्कर्षा आणि नीलेश गिटार वाजवायचे आणि प्रदीप ड्रम. दुसरा माइक परवडत नव्हता म्हणून पहिला अल्बम त्यांनी एकट्या माझ्यावर केला. दुपारच्या वेळी, जमेल त्या वारी. गाणी यथातथाच होती, पण ताल असा पक्का की ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलायचा. लोकांनी कौतुक केले. ते दिग्विजयच्या डोक्यात गेले, आणि तिथे जागा भरपूर होती.

दुसऱ्या अल्बमसाठी त्याने मुंबईहून चकचकीत माइक आणले. मला प्रदीपच्या मोठ्या ड्रमच्या पोटाशी, जमिनीवर बसवले. मग त्याने नियम काढला. रेकॉर्डिंग फक्त शुक्रवारी होणार. शुक्रवारी एमआयडीसीला सुटी, आजूबाजूची मशीन बंद. "या वेळी कशी एकदम शुद्ध शांतता पाहिजे," असे तो म्हणाला. अल्बमचे नावही त्याने 'शांतता' ठेवले. ज्याचे तोंड अर्धा मिनिट बंद राहत नाही, त्याने शांततेवर नऊ गाणी लिहिली होती.

पहिल्या शुक्रवारी प्रदीपचा ताल सुटला. कधी पुढे पळे, कधी मागे रेंगाळे. दुसऱ्या शुक्रवारी तेच झाले. त्याने घरी उशीवर काठ्या आपटून सराव केला, हाताला फोड आले, तरी तिसऱ्या शुक्रवारी तेच. नीलेश मान खाली घालून तारा पुसत बसला. दिग्विजय म्हणाला, "तुझी जागा कॉम्प्युटर घेईल. सामान उचल." सात वर्षांची दोस्ती त्याने दोन वाक्यांत संपवली. मला त्याची किळस आली. मला कारण माहीत होते, पण माइकला विचारतो कोण?

पुढच्या गुरुवारी प्रदीप ड्रम सोडवायला आला. सोडवण्याआधी शेवटचा वाजवावा म्हणून बसला, आणि काय सांगू, एक ठोका इकडचा तिकडे झाला नाही. जेवणाच्या सुटीत शेजारच्या गाळ्यातली साखरबाई दारात आली. ती तिथे प्रेसवर स्टीलच्या डब्यांची झाकणे काढते. पत्रा ठेवायचा, पायाने पेडल दाबायचे, धप्. दिवसभर हेच काम.

"आज बरा वाजवलास, पोरा. मग तोंड का पाडलंस?"

"मावशी, शुक्रवारी माझा ताल चुकतो. बँडमधून काढलं मला."

साखरबाई हसली. "शुक्रवारी मी नसते ना. तू माझ्या पायावर वाजवतोस. मी थांबले का तू पण थांबतोस. आमी बाया रोज हसतो तुला. तुला ठावं नाय?"

प्रदीपचे कान लाल झाले. ड्रमवाल्याला ताल शेजारच्या भिंतीतून येतो, ही काय सांगायची गोष्ट आहे? पण त्याने उत्कर्षाला बोलावून घेतले, आणि साखरबाईची पाळी संपेपर्यंत दोघांनी नऊही गाण्यांचा ड्रम माझ्यावर उतरवून घेतला; जमिनीतून येणारी प्रेसची धप्ही त्यात आली. खरे काय ते त्याने उत्कर्षालाही सांगितले नाही. दिग्विजयने ते ऐकले आणि तो म्हणाला, "बघ, शिव्या खाल्ल्यावर सुधारलास." प्रदीपने मान डोलावली. त्याची जागा वाचली होती.

पालघरच्या हॉलमध्ये अल्बम लोकांपुढे आला. नवा माइक ऐनवेळी बंद पडला, म्हणून मला पुढे केले. दिग्विजयने टिचकी मारली, फुंकर घातली आणि सुरुवात केली, "ड्रमच्या खाली जो धप् असा खोल आवाज ऐकू येतो ना, तो आम्ही शुक्रवारच्या शांततेत, कॉम्प्युटरवर बनवला आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी इतक्या जोरात कुई केली की पहिल्या रांगेने कान झाकले.

तेवढ्यात प्रदीपने मला दिग्विजयच्या हातातून घेतले. खरे बोलला तर त्याचे नाव जाणार होते, हे त्याला कळत होते.

"तो आवाज कॉम्प्युटरचा नाय," तो म्हणाला. "आणि ताल माझा नाय. मागं साखरबाई बसल्यात, त्यांच्या पायाचा हाय. पहिल्या अल्बमचा पण."

साखरबाई पुढे आली. तिने टिचकी मारली नाही, फुंकर घातली नाही. मला तोंडाजवळ धरले आणि दिग्विजयकडे बघून म्हणाली, "शांतता पायजे म्हणून सुटीच्या दिवशी आलात. पोर चुकायला लागलं तर त्याला हाकललंत. बाकीच्या दिवशी तिथं कोण असतं, एवढं तरी इचारायचं. घ्या, मला सकाळी सातची पाळी हाय."

टाळी कुणी वाजवली नाही. दिग्विजयला पहिल्यांदाच बोलायला काही सुचले नाही, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा खरी शांतता ऐकायला मिळाली.

आता बँड शुक्रवारी गाळा बंद ठेवतो. मित्रांनो, माझी जाळी पुसा, वायर पिळू नका, मला ओलीत टाकू नका. टिचकी मारायचीच असेल तर आधी स्वतःच्या डोक्यात मारून बघा. आवाज आला, तर मग माझ्याशी बोला.