भाटाच्या वहीतली भागीरथा

देवराव भांडत नाही, हेच पार्बताबाईचं दुखणं होतं. अकोटाकडच्या त्या गावात बाकी सगळे तिला नशीबवान म्हणत. लेक घोडदळाच्या रिसाल्यातून आलेला, शाळेत मास्तर, आईपुढे मान वर न करणारा. तिनं एकदा मुद्दाम वरणात मूठभर मीठ घातलं. तो गुमान जेवला आणि ताट धुऊन ठेवलं. दहा वर्षांत "हो माय" आणि "बरं माय" यापलीकडे शब्द नाही.

ती जळफळायची, कारण या गुमानपणाचं मूळ तिला ठाऊक होतं.

देवरावची बायको बाळंतपणातच गेली होती. तो लढाईवर निघाला तेव्हा तीन वर्षांची भागीरथा त्यानं आईच्या ओटीत घातली. पोर पुढं तापानं गेली. लिहिण्यात पार्बताबाईची मजल सहीपुरती. पत्रं पोस्टातल्या बाबूकडून लिहवायची. घोड्यावरच्या माणसाचं चित्त हललं की तो पडतो, असं तिच्या मनानं घेतलं, आणि तिनं बाबूला सांगितलं, लिवा, भागीरथा मजेत हाये. पुढच्या पत्रात पोर चुलीशी लुडबुडू लागली, त्याच्या पुढच्यात वेणी घालू लागली. देवराव परतला तो अंदाजानं मोठ्या मापाचा फ्रॉक घेऊन. पोर नाही आणि पत्रं खोटी होती, हे दारातच त्याला कळलं. त्यानं फ्रॉक पेटीत ठेवला, विचारलं काहीच नाही. मग मास्तर झाला आणि घरोघर फिरून लोकांच्या पोरी शाळेत आणू लागला.

यंदा सुगी आटोपल्यावर मोतीराम भाट कुळाची वही घेऊन वंशावळ वाचायला आला. आजा झाला, बाप झाला, देवरावचं नाव वाचून झालं.

"मास्तर, तुमच्याखाली काय चढवू?"

"भागीरथा."

"पोरीचं नाव वहीत चढत नाही, मास्तर."

"माह्या हजेरीत चढते. तुमची वही लय सोवळी हाये काय?"

भाट हसला. "बरं बाप्पा. वारली कधी?"

"मायले विचारा. मले ठावं नाही."

तेवढंही त्यानं कधी विचारलं नव्हतं. तूर पाखडणाऱ्या पार्बताबाईच्या हातातलं सूप थांबलं. आठवत नाही, असं म्हणता आलं असतं. तोंडाशी आलंही.

"लिवा," ती म्हणाली. "हा लढाईवर गेला त्याच्या तिसऱ्या साली, अखजीच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी. त्याच्यानंतर पाच पत्रं गेली, तेही लिवा. पाचही म्या लिववली, पाचही खोटी."

भाटाची लेखणी अडली. देवराव हळूच म्हणाला, "राहू दे, माय."

"पाह्य, पुन्हा तेच!" सूप बाजूला आदळून ती उठली. "चुकली मी, देवराव. तुह्या पोरीचं मरण तुह्यापासून चोरलं. पण तू दहा वर्सं 'हो माय, हो माय' करून राहिला, त्याले माफी नाही म्हणत. सजा म्हणतात त्याले. अन् लय मोठी देल्ली तुनं."